सोमवारी भंगारात जाणारा बंब

ओतूरच्या स्टँडसमोर चहा पिताना सावळेराम रोज छाती काढून एकच वाक्य सांगायचा. बंब म्हातारा होत नसतो, चालवणारा होतो! मुंबईच्या फायर ब्रिगेडमध्ये सत्तावीस वर्षं बंब हाकलेला माणूस. त्याला उलट कोण बोलणार?

जलालभाई बोलायचा. नेव्हीच्या गोदीतल्या बंबावर तीस वर्षं काढून तो जुन्नरला घरी आला होता, आणि केवळ हे भांडण करायला एसटीनं ओतूर गाठायचा. सावळेराम म्हणायचा, आमच्या बंबाची पितळी घंटा भायखळ्याला वाजवली की दादरचे लोक रस्ता सोडायचे. जलालभाई म्हणायचा, घंटेनं आग विझत नाही. आमच्या फवाऱ्यानं एकदा साहेबाची टोपी उडाली, ती अलिबागला सापडली. सावळेराम म्हणायचा, आमच्याकडं चौकाचौकात पाण्याचा नळ, गाडी लावली की पाणी हजर. जलालभाई म्हणायचा, नळ कशाला लागतो? शेजारी अख्खा समुद्र पडलेला, पाईप सोडला की झालं. चहावाल्याला दोघांच्या बंबांचे नंबर तोंडपाठ झाले होते.

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात बातमी आली, की द्राक्षबागायतदार चिमाजीशेठच्या वस्तीवर खराखुरा जुना बंब उभा आहे. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात शेठनं तो घेतला होता, इंजिन काढून विहिरीवर बसवायला. इंजिन काही बसेना. आता सोमवारी भंगारवाला येऊन बंब कापून नेणार होता.

दोघांचा चहा तसाच निवला. तासाभरात ते शेठच्या ओट्यावर बसून गयावया करत होते. शेठ कंटाळून म्हणाला, "रविवारी चालवून दाखवा. पाणी घराच्या कौलावरनं पल्याड गेलं तर ठिवतो. न्हाई तर सोमवारी भंगारवाला."

सहा दिवस दोघं बंबाला चिकटले. सावळेरामनं इंजिन खोललं, बॅटरी बदलली, घंटा चिंचेनं घासून सोन्यासारखी केली. जलालभाईनं होजची एकेक वॉशर पारखली. सावळेरामची बायको लंकाबाई म्हणाली, लग्नात नवरदेवाचं एवढं केलं असतं तर तो जरा बरा दिसला असता.

रविवारी वस्तीवर जत्रा भरली. उसाच्या पाचटाचा ढीग रचून पेटवला. सावळेरामनं घंटा बडवली, पंप चालू केला, जलालभाई नोझल धरून ऐटीत उभा राहिला. पंप असा गरजला की म्हशींनी दावी तोडली. नोझलातून फस्स आवाज झाला आणि एक पाल बाहेर पडली.

मागून काहीच आलं नाही.

"जलालभाई, टाकी भरली का?"

"मी? टाकी आमी कधी भरलीच न्हाई. तू न्हाई भरली?"

सत्तावीस आणि तीस मिळून सत्तावन्न वर्षांचा अनुभव एकमेकांकडं बघत राहिला. तेवढ्यात वारा फिरला आणि पाचटाची ठिणगी शेठच्या कडब्याच्या गंजीकडं निघाली.

शेठ ओरडला, की विहिरीवर पळा. पण जलालभाईला बागेच्या कडेला हौद दिसला, आणि हौदात निळंशार पाणी दिसलं. तीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस! निळं पाणी दिसल्यावर त्याचा हात थांबतो का? त्यानं सक्शनचा जाड पाईप धपकन आत सोडला. ते द्राक्षांवर फवारायला मोरचूद आणि चुना कालवून केलेलं औषध होतं, हे सांगायला धावलेला गडी निम्म्या वाटेवरच राहिला.

फवारा सुटला. आग एका फटक्यात विझली. पण पंप काही आवरेना. जलालभाई नोझलासकट मागं सरकत गेला आणि फवारा ओट्यावरून फिरला. पांढऱ्या कपड्यांतला शेठ निळा झाला. शेठची आई कोंडाबाई खाटेवर वाळत घातलेल्या कुरडया राखत बसली होती. कुरडया आणि कोंडाबाई एकाच रंगाच्या झाल्या. मग फवारा चढला आणि कौलावरून पल्याड गेला, चांगला पन्नास फूट.

पंप बंद झाला तेव्हा वस्तीवर फक्त ठिबकण्याचा आवाज होता. सावळेरामनं मनातल्या मनात बंबाला शेवटचा सलाम केला.

शेठ तसाच निथळत घरामागं गेला. कौलावरून गेलेलं औषध मागच्या बागेवर पडलं होतं. पानन् पान भिजलं होतं. शेठनं तोंडावरचा निळा रंग पुसला.

"एवढ्या फवारणीला दोन गडी दोन दिस मरत्यात," तो म्हणाला. "भंगारवाल्याला नको सांगतो. पण दर आठवड्याला तुमी दोघांनी यायचं."

बंब वाचला. सावळेराम आणि जलालभाई दर आठवड्याला घंटा वाजवत बागेत शिरू लागले. चहाच्या टपरीवर आता भायखळा आणि गोदीचं नाव निघेना; वेलींवरच्या भुरी-केवडा रोगांची आणि छाटणीचीच चर्चा.

दिवाळीनंतर एका सकाळी शेजारचा जानकू धापा टाकत आला. त्याचा उकिरडा पेटला होता. बंब टच्च भरून उभा होता.

"टाकीत औषध कालवलंय, जानकू," सावळेराम पंपावरून म्हणाला. "तू बादल्या घे."

"आवो, मागं औषधानंच विझवली व्हती की तुमी!"

"तवा मोरचूद व्हतं," सावळेराम म्हणाला. "हे लई महाग हाय."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. त्यानं लाजून जलालभाईकडं बघितलं. जलालभाईनं तोवर नोझल बागेकडं वळवलं होतं.