तालीम सुरू आहे, पळू नये

एका जंगलात, बाळगोपाळांनो, एक विद्यापीठ होतं. त्याआधी तिथे नुसतीच झाडं होती आणि सगळ्यांचं बरं चाललं होतं. पण ते असो.

या विद्यापीठाच्या संगीत विभागात भानुदास लांबशेपटे नावाचं एक काळतोंडं वानर शिकत होतं. त्याचे वडील टोळीचे पहारेकरी. सालईच्या झाडाच्या शेंड्यावर बसायचं, बिबट्या दिसला की 'खॅक्' करून ओरडायचं, आणि खाली चितळांपासून सशांपर्यंत सगळे पसार. जन्मभर त्यांनी हे एकच काम केलं. घराण्यात शिकलेला पहिला म्हणजे भानुदास. बापाला त्याचं कोण कौतुक!

शेवटच्या वर्षाला नियम असा, की प्रत्येकाने स्वतःचा वीस मिनिटांचा प्रयोग रचायचा आणि परीक्षकांसमोर जिवंत सादर करायचा. नापास झालात तर चला परत टोळीत, पाला खायला. आता भानुदासचा गळा बेताचा आणि तालाशी तर उभं वैर. हे त्यालाही ठाऊक होतं. मनातल्या मनात तो स्वतःला 'खोकलासम्राट' म्हणायचा. आणि त्या नावावरूनच त्याला विषय सुचला.

त्याने बापाची ती खोकल्यासारखी हाकच उचलली. तिला थोडी मींड लावली, चितळाची आरोळी जोडली, मधूनमधून टिटवीची किरकिर पेरली आणि अहवालात लिहिलं, 'भयध्वनींचा विखंडित अवकाश'. याचा अर्थ त्याला कळत नव्हता. त्याचे मार्गदर्शक डॉ. पिसारे यांनाही कळला नाही, म्हणून त्यांनी ताबडतोब मंजुरी दिली. डॉ. पिसारे म्हणजे मोर. डोळे मिटून मान डोलावण्यात त्यांची हयात गेली होती.

तालमी सुरू झाल्या आणि पंचाईत झाली. भानुदास 'खॅक्' म्हणाला की अख्खं जंगल पळायचं. दिवसातून दहा-दहादा पळून हरणं रोडावली. शेवटी विभागाने वडाच्या खोडाला पाटी लावली, 'तालीम सुरू आहे. पळू नये.'

पहिल्या आठवड्यात निम्मे थांबले. महिन्याभरात कुणी कानसुद्धा टवकारेना.

"भान्या," वडील एकदा म्हणाले, "ही हाक अशी उठता-बसता वापरायची नसते रे."

"बाबा, तुम्हाला त्यातलं कळत नाही. याला मार्क आहेत."

वडील परत सालईवर चढले. मार्कांपुढे कोण बोलणार?

परीक्षेच्या दिवशी सकाळपासून गर्दी. दुसऱ्या जंगलातून परीक्षक म्हणून सांबरे सर आले होते. त्यांच्या शेजारी डॉ. पिसारे पिसारा आवरून बसले. वडील शेवटच्या रांगेत, अंग चोरून. भानुदास वडाच्या आडव्या फांदीवर चढला.

चौदा मिनिटं त्याने कशीबशी रेटली. सांबरे सरांना दोन जांभया आल्या. भानुदासला वाटलं, संपलं, आता पालाच. आणि तेवढ्यात समोरच्या गवतात त्याला ठिपके दिसले. ठिपके हलत होते.

"खॅक्!" तो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा खरा.

"अहाहा!" डॉ. पिसाऱ्यांनी डोळे मिटले. "आता लागला सूर!"

शेवटच्या रांगेतून वडीलही ओरडले, "खॅक्! खॅक्!" तशी एक स्वयंसेवक खार धावत आली. "काका, खाली बसा बरं. प्रयोग चालू आहे."

"सर, बिबट्या!" भानुदास किंचाळला. "सर, खरंच बिबट्या आहे हो!"

"शब्द नकोत बाळा," डॉ. पिसारे डोळे न उघडता म्हणाले. "स्वरांतून सांग."

आता खरं सांगतो मुलांनो, तुम्ही असतात तर खाली उडी मारली असतीत, सरांना हलवलं असतंत. भानुदासनेही मारली असती. पण सांबरे सर जांभई अर्धी सोडून सरसावून बसले होते. त्यांची लेखणी चालू लागली होती. भानुदासने घाबरून एकदा त्या लेखणीकडे पाहिलं आणि स्वरांतून सांगितलं. त्यावर एक तानही घेतली. तान बरी आली, हे त्याला कळलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

बिबट्याने डॉ. पिसाऱ्यांना मानेला धरून नेलं तेव्हा निम्मे पळाले. उरलेले निम्मे उभं राहून टाळ्या वाजवत होते. इतका हुबेहूब बिबट्या यांनी आणला कुठून, असं एक साळिंदर शेजाऱ्याला विचारत होतं.

सांबरे सर शहाणे. ते पळता पळता मार्क देऊन गेले. उत्स्फूर्ततेला वीसपैकी वीस.

सगळं शांत झाल्यावर वडील फांदीखाली आले. "भान्या, तुला तो दिसला होता ना?"

"हो."

"मग गात का बसलास?"

"सहा मिनिटं उरली होती, बाबा," भानुदास म्हणाला आणि ढसाढसा रडला. वडिलांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ते पुन्हा सालईवर जाऊन बसले, पण आता त्यांच्या हाकेलाही कुणी हलेना.

पुढच्या सत्रात मार्गदर्शकाची एक जागा रिकामी होती. ती भानुदासला मिळाली, तासिका तत्त्वावर.

तात्पर्य : संकट दिसले की बेसूर ओरडू नये, सुरात ओरडावे. जीव कुणाचा वाचत नाही, पण आपली सोय होते.