दोन्ही पायांनी लंगडणारा स्ट्रायकर

मंगळवारी सकाळी दिवाकर गुल्हाने वारला. दूध आणायला निघाला होता. फाटकापाशी खाली बसला, तो उठला नाही.

दिवाकर माझा शेजारी. दिग्रसला आमची फाटकं समोरासमोर. मी कॉलेजातला निवृत्त ग्रंथपाल. तो एके काळचा फुटबॉलचा स्ट्रायकर, मुंबईच्या एका कंपनीच्या संघात पगारावर खेळलेला. सव्विसाव्या वर्षी गुडघा गेला म्हणून गावी परतला आणि कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर बसू लागला. त्या गुडघ्याची एक गंमत होती. व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसलो की मला ती दिसे. जाताना दिवाकर डाव्या पायाने लंगडत जाई आणि येताना कधी कधी उजव्या.

एकदा विचारलं, तर म्हणाला, "सर, दुखनं फिरते असते. वाताचं हाय. तुमच्या पुस्तकात नसन."

मी पुस्तक काढून पाहिलं. नव्हतं.

बहिणीकडे पुसदला निघाला की लंगडणं स्टँडवरच सुटे. बस लागली की गर्दी दाराशी भिडायची. हा दोन पावलं मागे सरे, मान वळवून दोन्हीकडे बघे आणि दोघांच्या मधून असा सटके, की खिडकीतून टाकलेला रुमाल सीटवर पडायच्या आत हा सीटवर.

"काहो भाऊ, गुडघा खालीच राह्यला वाटते?" कंडक्टर विचारी.

"आता बसलो ना. आता दुखते," म्हणून हा गुडघा धरी.

"माणूस नाही पाहा लागत, जागा पाहा लागते," हे त्याचं सगळ्यावरचं उत्तर. लग्न काहून नाही केलं, असं कोणी छेडलं तर म्हणे, "जागाच नाही सापडली बे."

रोज पाचला तो मैदानाच्या भिंतीवर जाऊन बसे आणि तिथून ओरडे, "गोलकीपरले काय पाहून राह्यला? जागा पाहा ना बे!" एका सव्वीस जानेवारीला पोरांनी आग्रह केला, काका, एक तरी किक मारा. त्याचा चेहरा उतरला. "मले नोका सांगू," एवढंच बोलून तो घरी आला. त्या दिवशी तो अजिबात लंगडत नव्हता.

रविवारी संध्याकाळी सातला पायरीवर बसून फोनवर जोरात बोले, "जिंकलो ना! तीन मारले!" आमच्या गावच्या पोरांनी कधी तीन गोल मारल्याचं मला आठवत नाही. मला वाटे, टीव्हीवरच्या सामन्याचं सांगत असेल.

तो गेल्यावर बहिणीने त्याचा फोन माझ्याकडे ठेवला होता. रविवारी सातनंतर तो वाजला.

"दिव्या, आज फोन का न्हाई केलास?"

मी सांगितलं. पलीकडच्या माणसाने पत्ता विचारला.

तेरवीच्या दिवशी मी व्हरांड्यात बसलो होतो. कोपऱ्यावरून एक माणूस आला. डावा पाय टेकला, खांदा खाली गेला, पाऊल क्षणभर अडलं, मग पुढे. दिवाकरच. माझ्या हातातला कप फुटला. त्याच्या चितेला मी स्वतः लाकूड लावलं होतं.

"सर? मी आनंदा. कोल्हापूरचा. फोनवर बोललो न्हवं का आपन."

मी त्यांना खुर्ची दिली. म्हणालो, "तुमचाही गुडघा?"

"माझाच की. एकाच संघात हुतो आमी, मी गोलकीपर. सरावात बॉल माझ्या हातात आलता. दिव्या थांबला असता तर चाललं असतं. न्हाई थांबला, माझ्या गुडघ्यावरच आदळला." ते शांतपणे सांगत होते. "मुद्दाम न्हाई ओ. मी तवाच म्हटलं, दिव्या, माझं संपलं, आता तू दोघांचं खेळ. लई खेळला बघा. मग कोच झाला. दर रविवारी सांगायचा."

"पण दिवाकरचा गुडघा..."

"त्याच्या गुडघ्याला काय झालंय? घोड्यावानी पळायचा."

मी मनात हिशेब मांडला. त्या सरावानंतर तो खेळलाच नव्हता. गावाला सांगितलं गुडघा गेला, आणि मित्राला सांगितलं खेळतोय. मित्राची चाल त्याने अंगावर घेतली होती. कधी विसरला की पाय बदलायचा. पंचवीस वर्षं मी समोर बसून ते पाहत होतो आणि मला हसू येत होतं.

"त्याचं मैदान दावा की, सर. पोरांस्नी कुठं शिकवायचा?"

आम्ही सावकाश गेलो. पाच वाजतच आले होते. मी भिंत दाखवली. "इथं. रोज पाचला." खोटं नव्हतं ते.

समोर पोरं खेळत होती. एकाने बॉल घालवला तसा दुसरा त्याच्यावर ओरडला, "गोलकीपरले काय पाहून राह्यला? जागा पाहा ना बे!"

आनंदरावांनी माझा दंड धरला. "त्याचंच वाक्य," ते म्हणाले, आणि अंधार पडेपर्यंत भिंतीवरून उठले नाहीत.

आता रविवारी सातला आनंदरावांचा फोन येतो, तो मी घेतो. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, म्हणून रोज पाचला भिंतीवर जाऊन बसतो. जे झालं तेवढंच त्यांना सांगतो. गेल्या रविवारी आम्ही हरलो.