बिनटाक्याचा तंबू

हिमांशूने रविवारी जेवताना जाहीर केलं, "या डिसेंबरात आपण कॅम्पिंगला जाणार! आणि कुणाचीही मदत न घेता!"

पहिल्या वाक्याला घरात कुणी दचकलं नाही. दुसऱ्या वाक्याला मात्र अश्लेषाने, म्हणजे त्याच्या बायकोने, आमटीची पळी खाली ठेवली.

तिचंही चुकलं नाही. हिमांशू वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात होता. दुसऱ्यांनी केलेल्या कामातली खोट काढणं हा त्याचा चौदा वर्षांचा धंदा, आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण स्वतःच्या हाताने काही करायची वेळ आली की गाडी अडे. मागच्या वर्षी त्याने नळाचा वॉशर बदलला. त्यानंतर प्लंबर आला, मग गवंडी आला आणि शेवटी खालच्या मजल्यावरचे शेजारी आले.

"कुणाचीही म्हणजे?" अश्लेषाने विचारलं.

"कुणाचीही! तंबू मी लावणार, चूल मी पेटवणार, चहा मी करणार. पूर्ण चोवीस तास. त्यात एकदा जरी कुणाला 'मदत करा' म्हणालो, तर यापुढची प्रत्येक सुट्टी दमयंतीताईंच्या हातात!"

आता ही पैज केवढी मोठी, ते तुम्हाला सांगायला हवं. दमयंती ही अश्लेषाची थोरली बहीण. डोळ्यांची डॉक्टर. तिच्याबरोबर सहलीला जायचं म्हणजे पहाटे पाचला उठायचं. वेळापत्रक लॅमिनेट केलेलं, आणि त्यात 'मोकळा वेळ' दहा मिनिटं. अशा चार सहली हिमांशूने केल्या होत्या. चारही वेळा दमयंतीने त्याला एकच काम दिलं होतं, "हिमांशू, तू बॅगांजवळ उभा राहा."

तेही त्याने सोसलं असतं. पण त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने, सावनीने, शाळेत 'आमची सहल' असं चित्र काढलं. चित्रात समुद्र होता, आई होती, मावशी होती, आजोबा होते. कोपऱ्यात सहा बॅगा होत्या आणि बॅगांजवळ बाबा होते. बाईंनी चित्राला पैकीच्या पैकी गुण दिले. हिमांशूला ते चित्र फार लागलं.

"मीसुद्धा येतो," हिमांशूचे वडील व्यंकटराव म्हणाले. ते पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. "अशा गोष्टीला साक्षीदार लागतो."

हिमांशूने 'नवशिक्यांसाठी आणि कुटुंबांसाठी हिवाळी कॅम्पिंग' या विषयावरचे चौदा व्हिडिओ पाहिले. कुठेही शिवण नसलेला तंबू मागवला. कपाळाला बांधायचा दिवा मागवला. जागेसाठी त्याने कारखान्यातल्या शिवराजच्या काकांना, पाचोडच्या नानासाहेबांना फोन लावला. नानासाहेब मोसंबीच्या बागेत होते आणि शेजारी पाण्याची मोटर चालू होती.

"नानासाहेब, मी हिमांशू. शिवराजचा मित्र. शनिवारी तुमच्या मळ्यात कॅम्प लावायचाय."

"कॅम्प! आमच्या गावात? अवो, लई चांगलं काम! कोनासाठी हाये?"

"फॅमिलीसाठी. अगदी म्हाताऱ्यांपासून लेकरांपर्यंत."

"फुकट?"

"फुकटच की! याला पैसे कसले?"

"अन् डोळ्यांचं काय?"

हिमांशूला वाटलं, हे निसर्गाबद्दल बोलतायत. "डोळ्यांचं तर पारणं फिटेल! दुर्बीण आणतोय मी."

"दुर्बीन!" नानासाहेब म्हणाले.

"आणि तंबू बिनटाक्याचा आहे. एकदम नवं तंत्र!"

यातला 'तंबू' मोटरीच्या आवाजात वाहून गेला. 'बिनटाक्याचा' तेवढा पोचला.

"बिनटाक्याचं," नानासाहेबांचा आवाज भरून आला.

"फक्त एक विनंती. मदतीला कुणी यायचं नाही."

"तुमच्या कामात आमी काय मदत करनार, सायेब?"

शहरात कॅम्प म्हणजे घरची गादी सोडून ढेकळांवर झोपणं. गावात कॅम्प म्हणजे एकच. डॉक्टर येतात, डोळे तपासतात, मोतीबिंदू निघाला तर गाडीतून नेतात, बिनटाक्याचं ऑपरेशन करतात आणि काळा चष्मा लावून परत आणून सोडतात. दोघे सात मिनिटं बोलले आणि दोघांचंही पूर्ण समाधान झालं. त्याच संध्याकाळी नानासाहेबांनी देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं, "शनिवारी आपल्या मळ्यात मोठे डाक्टर मुक्कामी येतेत. रविवारी सकाळी फुकट डोळ्यांचा कॅम्प. दुर्बिनीनं, बिनटाक्याचा!"

शनिवारी दुपारी दोन वाजता हिमांशूची गाडी मळ्यात शिरली. घड्याळ सुरू झालं. नानासाहेबांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला, तो हिमांशूला जरा जास्तच वाटला. त्यांच्या पत्नी भागूबाई भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या.

"खावा की, डाक्टर."

त्यांना ऐकायला कमी येत असावं किंवा गावाकडे पाहुण्याला असंच म्हणत असावेत, असं समजून हिमांशूने हात जोडले. "नको. आम्ही काहीही घेणार नाही."

"मी घेणार," व्यंकटराव म्हणाले आणि त्यांनी दोन भाकरी घेतल्या. "मला मदत नको आहे. मला भाकरी हवी आहे."

व्हिडिओत तंबू दोन मिनिटांत उभा राहत होता. इथे पहिल्या तासात तो उभा राहिला नाही. दुसऱ्या तासात राहिला, पण सावनी म्हणाली, "बाबा, दार वर आलंय." तिसऱ्या तासात दार खाली आलं आणि तंबू पैठणच्या दिशेला थोडा झुकून स्थिर झाला. एकनाथांच्या गावाकडे झुकलाय म्हटल्यावर त्याला नावं ठेवणं बरं दिसलं नसतं. नवऱ्याचे सोललेले हात बघून अश्लेषाला त्याची दया आली होती.

अंधार पडायला लागला तेव्हा हिमांशूने कपाळाला दिवा बांधला. बांधावरून दोन बाया चालल्या होत्या, त्या थांबल्या.

"डाक्टरच हाये गं," एक म्हणाली. "कपाळाला दिवा हाये."

रात्रीबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. थंडी होती. चार माणसांचा तंबू म्हणजे चौघं एकाच कुशीवर झोपली तर. एकाने कूस बदलली की चौघांनी बदलायची. पण कुणी मदत मागितली नाही.

सकाळी सातला हिमांशूने तंबूची चेन उघडली. समोर चाळीस माणसं बसली होती.

एका रांगेत, शांतपणे, घोंगड्या आणि शाली पांघरून. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत जुने कागद. हिमांशूने डोळे चोळले. ते बघून रांगेतल्या चार-पाच जणांनीही चोळले.

"अश्लेषा," तो आत वळून कुजबुजला, "तंबू बघायला अख्खं गाव आलंय!"

माणसाच्या आयुष्यात अशी सकाळ क्वचित येते. हिमांशूने घरच्यांना बाहेर काढलं, कपाळाचा दिवा लावला आणि रुबाबात म्हणाला, "एकेक करून आत या!"

पहिल्या आल्या चंपाबाई. वय सत्तरीच्या पुढचं. त्या तंबूत फतकल मारून बसल्या, बोटाने पापणी खाली ओढली आणि म्हणाल्या, "बगा."

डोळ्यात कचरा गेला असेल म्हणून हिमांशूने दिवा जवळ नेऊन पाहिलं. "मला काही दिसत नाही, आजी."

"मला बी नाय दिसत," चंपाबाई म्हणाल्या.

एवढ्या थंडीत आलेल्या बाईला असंच कसं पाठवायचं? हिमांशूने कौतुकाने आपली दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना लावली आणि तंबूच्या खिडकीतून बाहेर रोखली.

"आता?"

"धुकं."

त्याने दुर्बिणीचं चाक फिरवलं. "आता?"

"अगं बया! कडुबाची म्हैस! अन् तिच्या शेपटीवर गोचीड!"

चंपाबाई पंचवीस वर्षांच्या पोरीसारख्या उठून बाहेर धावल्या. "दिसाया लागलं!" त्या ओरडल्या. "टाका नाय, सुई नाय, निस्तं चाक फिरिवलं!"

त्यात रविवार म्हणजे पाचोडच्या बाजाराचा दिवस. बातमी कांद्याच्या पालापासून शेळ्यांच्या बाजारापर्यंत पोचली. मोटरसायकलवर मागे म्हातारं, त्याच्या मागे म्हातारी, अशी माणसं यायला लागली. कुणीतरी चहाची गाडी आणून उभी केली.

नवव्या नंबरला कडुबा आला. पासष्टीचा, धिप्पाड माणूस. दुर्बिणीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. "डाक्टर, म्हशी मला बिगर दुर्बिनीच्या बी वळखू येतेत. भिंग कव्हा बसवता ते सांगा."

"कसलं भिंग?"

"डोळ्यातलं! मोतीबिंदूचं. बिनटाक्याचं!"

हिमांशूच्या डोक्यात सात मिनिटांचा तो फोन पहिल्यापासून शेवटपर्यंत परत वाजला. या खेपेला त्यात मोटरीचा आवाज नव्हता.

तो बाहेर आला. चाळिसांची शंभर झाली होती. तो दगडावर चढला आणि ओरडला, "मंडळी, मी डॉक्टर नाही!"

लोकांनी समजुतीने माना हलवल्या. "कंपाउंडर हाये," मागून कुणी म्हणालं. "डाक्टर मागून येतेत."

"मागून कुणीही येणार नाही!"

"आज नाय तर उद्या येतेल. बसा रे समदे." आणि सगळे पुन्हा खाली बसले. अशा माणसांपुढे काय करणार?

"बाबा, तुम्ही तरी सांगा यांना!"

व्यंकटराव रांगेच्या टोकाला उभे राहून चिठ्ठ्या वाटत होते. "मी फक्त नंबर दिले," ते म्हणाले. "रांग दिसली की नंबर द्यावेच लागतात. खात्यात तसंच असायचं."

"ताईला फोन कर," अश्लेषा म्हणाली.

"मुळीच नाही! नऊ वाजलेत. पाच तास राहिलेत फक्त."

अश्लेषाने नुसतं रांगेकडे बोट दाखवलं. तिथे सरूबाई नावाची एक म्हातारी सुनेचा खांदा धरून उभी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, "माजा नंबर आला का?"

हिमांशू तिला समजावून घरी पाठवायला गेला. त्याने तोंड उघडायच्या आत तिने चाचपडत त्याचा हात धरला.

"तीन वर्सं झाली, लेकरा. मागचा कॅम्प झाला तव्हा नातीचं लगीन व्हतं, मी गेले नाय. पुन्हा कॅम्प आलाच नाय. नातीला लेकरू झालं, त्याचं तोंड नाय बगितलं अजून. हाताला लागतंय तेवढंच. तुमचं लई उपकार झाले."

दिवसाला हजार नग 'रिजेक्ट' म्हणून बाजूला काढणाऱ्या हिमांशूला तो शब्द काही उच्चारता येईना. पाच तास, सगळ्या सुट्ट्या आणि त्याची ताठ मान, सगळं एकदमच गेलं. त्याने फोन काढला.

"दमयंतीताई," तो म्हणाला, "जरा... मदत करा."

मग त्याने सगळं सांगितलं.

"किती माणसं आहेत?" दमयंतीने विचारलं.

"बाबांच्या नंबरांप्रमाणे एकशे बारा."

"एकशे बारा! हिमांशू, गेल्या महिन्यात आम्ही कॅम्प ठेवला होता. पत्रकं वाटली, रिक्षावर भोंगा फिरवला. नऊ जण आले. त्यातले दोघं पत्ता विचारायला आले होते. तू हे केलंस तरी कसं?"

"एक फोन केला," हिमांशू खरं तेच बोलला.

साडेअकराला दमयंती दोन गाड्या आणि सहा माणसं घेऊन हजर झाली. तंबूभोवती तिने एक फेरी मारली. हिमांशू टोमण्यासाठी तयार होऊन उभा राहिला.

"आत अंधार आहे?"

"गडद."

"उत्तम. डोळे तपासायला मला अंधारी खोलीच लागते."

दिवसभर त्या तंबूत डोळे तपासले गेले. एक्केचाळीस मोतीबिंदू निघाले. पहिली गाडी भरली तेव्हा हिमांशूने सरूबाईला स्वतः हाताला धरून खिडकीजवळ बसवलं. बारा दिवसांनी तिने पणतूचं तोंड बघितलं आणि 'नाक आमच्याकडचं नाय' असं सांगितलं, पण तो वाद त्यांच्या घरातला. हिमांशू पैज हरला होता आणि त्याला फार आनंद झाला होता.

सोमवारी नानासाहेबांनी गावाच्या ग्रुपवर आभाराचा मजकूर टाकला आणि शिवराजने तो पुढे पाठवला. 'तपासणी : डॉ. दमयंती मॅडम. नंबर वाटप : व्यंकटराव साहेब. भाकरी : भागूबाई. मंडप : हिमांशू, वाळूजवाले.'

हिमांशूने तो चार वेळा वाचला. तेवढ्यात फोन वाजला.

"मंडपवाले का? कडुबा बोलतोय, पाचोडवरून. फेब्रुवारीत पोरीचं लगीन हाये. मंडप तुमीच टाकायचा!"

"अहो, तुमचा गैरसमज होतोय—"

"नानासाहेब म्हनले, मानूस शहरातून आला, एकट्यानं मंडप टाकला, कुनाचा हात लागू दिला नाय. असा मानूस आमच्याकडं नाय, सायेब."

चौदा वर्षांत हे वाक्य हिमांशूला कुणी ऐकवलं नव्हतं. तो फोन घेऊन हळूच गॅलरीत गेला आणि दार लावून घेतलं.

"किती माणसांचा लागेल?"

"आठशे."

"चार माणसांचा आहे," हिमांशू म्हणाला.

कडुबाने थोडा विचार केला. "नवरा, नवरी, भटजी अन् मामा," त्याने मोजलं. "बसतेल की! वऱ्हाड बाहीर बसंल."

हिमांशूने तारीख लिहून घेतली आणि रजेच्या अर्जात कारण काय लिहावं, याचा विचार करत बसला.