पाण्यातला माणूस

साडूंनी जेवणानंतरच्या गप्पांत स्नॉर्केलिंगचा विषय काढला नसता, तर आमच्या कारकुनांची अब्रू आजही शाबूत असती. पण साडू बोलून गेले, "तुम्हाला कुठलं जमायला ते पोहणंबिहणं!" आणि कारकूनही बोलून गेले, "आम्हाला काय सांगता? आम्ही पाण्यातलीच माणसं!"

हे अगदीच खोटं नव्हतं. कारकुनांचं अर्धं आयुष्य पाणीपुरवठा खात्यात, तक्रारीच्या खिडकीत गेलं होतं. रांगेतला माणूस विचारायचा, "पाणी कधी येणार?" कारकून मान वर न करता सांगायचे, "येईल तेव्हा येईल. पुढचा!" (घरचा नळ कोरडा पडला की बायकोलाही हेच उत्तर मिळे. सवयीने 'पुढचा'सकट.) बाकी पाण्याशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध म्हणजे टेबलावरचा ग्लास.

पण त्या दिवशी बायकोची मान जशी ताठ झाली, तशी ती त्यांनी लग्नानंतर प्रथमच पाहिली. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं कौतुक ऐकून बिचारीचे कान किटले होते. ही मान आता खाली जाऊ द्यायची नाही, असं कारकुनांनी ठरवलं. आपल्याला पोहता येत नाही, ही बाब त्यापुढे किरकोळ होती.

पुढच्याच सुट्टीत दोन्ही जोडपी समुद्रावर पोचली. दोन्ही बाजूंना खडक आणि मधे लाटा काढायचं विसरून गेलेलं कोमट पाणी. चड्डी साडूंनीच दिली. साडूंचा घेर मोठा, त्यामुळे कारकुनांनी नाडी करकचून बांधली, तोंडात नळी धरली, डोळ्यांवर काच चढवली आणि देवाचं नाव घेऊन ते आत शिरले.

पाणी कंबरेएवढंच निघालं. कारकुनांना हायसं वाटलं. गुडघे वाळूत टेकून पुढे सरकायचं, तोंड पाण्यात ठेवायचं आणि मधूनमधून एक हात हवेत फेकायचा. लांबून ते हुबेहूब पोहणं दिसतं.

"बघ गं, दम म्हणून लागत नाही त्यांना!" बायको बहिणीला सांगत होती.

मग मासे दिसले. पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे, लगबगीचे. एक तर थेट काचेसमोर येऊन तक्रार असल्यासारखा उभा राहिला. ("पुढचा!" कारकून म्हणाले. नळीतून नुसतं 'भुस्स' झालं.) कारकून हरखून गेले. किती वेळ गेला, कळलं नाही. ओहोटी लागली, तेही कळलं नाही. आधी ते गुडघ्यांवर होते, मग पोटावर आले. मधेच कमरेखाली गार वाटलं. पण खोल पाणी गार असतं, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं.

अचानक काचेसमोर मासे जाऊन पावलं आली. कारकुनांनी डोकं वर काढलं. पाणी जेमतेम नडगीएवढं होतं.

"भाऊजी, अजून किती खोल जाणार?" साडूंनी विचारलं. मेहुणी खो-खो हसली. कारकुनांना बायकोकडे बघवेना.

"हसताय काय?" बायको कडाडली. "पाणी असल्यावर कुणीही पोहतं. हे पाणी नसताना पोहतायत! जमेल तुम्हाला?"

साडू विचारात पडले. मान अजून ताठच होती! कारकुनांना भरून आलं. उठून तिचा हात धरावा म्हणून ते हलले, आणि तेव्हा त्यांना मागे, लांबच्या खडकावर, साडूंनी दिलेली निळी चड्डी अडकलेली दिसली. पोटाने वाळू ढवळून पाणी गढूळ झालं होतं, तेवढीच देवाची कृपा.

"चला, जेवायला," साडू म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढे. मी जरा पोहतो."

साडू आणि मेहुणी निघाले. पाणी आणखी बोटभर उतरलं.

"अगं," कारकून खालच्या आवाजात म्हणाले, "पाणी परत कधी येणार?"

बायकोने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा खडकाकडे. मग एकुलता एक टॉवेल पिशवीत कोंबता कोंबता, मान वर न करता ती म्हणाली,

"येईल तेव्हा येईल. पुढचा!"