१२,३४,५६७ला भाग जात नाही

मी पितळी पाट्या कोरतो. एकोणतीस वर्षांत एक अक्षर चुकलेलं नाही, हे मी ओळख होताच सांगून टाकतो. त्यामुळे सासू-सासऱ्यांचा अबोला एका पाटीने मोडून दाखवतो, असं बायकोला छातीठोकपणे सांगताना मला काहीच अवघड वाटलं नाही.

अबोल्याचं कारण शिलाई मशीन. सासूबाईंचं जुनं मशीन सासऱ्यांनी न विचारता शेजारी देऊन टाकलं. तेव्हापासून दोघं एकाच टेबलाशी जेवायचे आणि सासूबाई आमच्याकडे फोन करायच्या, "तुझ्या बाबांना विचार, भात वाढू का."

सासरे निवृत्त गणित-शिक्षक. म्हणून पाटीवर मूळ संख्या कोरायची ठरवली. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून जिला कशानेही पूर्ण भाग जात नाही अशी. १२,३४,५६७ दिसायलाही ऐटबाज. दोन दुपारी खर्चून सत्त्याण्णवपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं. दर वेळी बाकी उरली. शंभराच्या आतल्या एवढ्या जणांना जमलं नाही, ते पुढच्यांना काय जमणार? मी खाली कोरलं : 'तुमच्यासारखीच, न तुटणारी.'

रविवारी पाटी दिली. सासऱ्यांनी ती वाचली आणि पेन्सिल मागितली.

"कितीपर्यंत तपासलंत?"

"सत्त्याण्णव."

"वर्गमूळापर्यंत, म्हणजे अकराशे अकरापर्यंत जायला हवं होतं," म्हणत ते कामाला लागले. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई एकच कप केव्हाच्या पुसत होत्या.

"एकशे सत्तावीस. बाकी शून्य."

आणखी फक्त सहा भागाकार केले असते, तर मलाही सापडलं असतं.

"म्हणजे तुटते?" सासूबाईंनी विचारलं. चुकून थेट त्यांनाच.

सासरे चपापले. "एकशे सत्तावीस गुणिले नऊ हजार सातशे एकवीस." मग आणखी बराच वेळ भागाकार करून म्हणाले, "हे दोघे मात्र पुढे तुटत नाहीत."

"मग राहू देत की वेगळे."

ते कागदाकडे बघत राहिले. "राहतील. पण मग ही संख्या उरत नाही." पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "मशीनचं मी तुला विचारायला हवं होतं."

"तुम्ही शाळेत घालून गेलात ते सगळे शर्ट त्यावर शिवलेत मी."

"माहीत आहे गं. म्हणून तर आता जास्त वाईट वाटतंय."

सासूबाईंनी कप खाली ठेवला आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढली. बायकोने मला खुणेने बाहेर काढलं. आत दोघांचं बोलणं सुरू झालं, ते थांबेचना. बायको दाराशी कान देऊन उभी राहिली.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"आई विचारतेय, लग्नाआधी जावयाचा भागाकार तपासला नव्हता का. बाबा म्हणतायत, राहून गेलं."