हर्षलच्या बुरशीला थंडी वाजते

"काका, दिवसातून दोनदा पाणी फवारा. बाकी हात नोका लावू," एवढं सांगून हर्षल चुलतभावाच्या लग्नाला वडनेर भोलजीला निघाला. नारायणरावांनी खोलीची किल्ली दोन्ही हातांनी घेतली.

एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले नारायणराव बायको गेल्यापासून चिखलीत एकटेच राहत. घरात कुणाची तरी पावलं वाजावीत, म्हणून त्यांनी मागची खोली या कॉलेजच्या संशोधकाला भाड्याने दिली होती. हर्षल पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचा, भुसा आणि गव्हाचा कोंडा पाच ट्रेमध्ये पसरून त्यावर हिरवी बुरशी वाढवी. त्या बुरशीतून निघणाऱ्या एन्झाइमने पऱ्हाटीची साखर होते आणि साखरेचं इंधन. नारायणरावांचं हे अख्ख्या गल्लीला समजावून झालं होतं.

पहिल्या दिवशी पाणी फवारता फवारता त्यांनी ट्रेंना सकाळच्या बातम्या सांगितल्या. ऐकून घेणारं बऱ्याच दिवसांनी मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी गारठा वाढला. त्यांनी फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता.

"हर्षल, गोधडी झाकू काय?"

"हाव काका, झालं जेवण! तुमचं?"

'हाव' ऐकल्यावर पुढचं ऐकायची गरज नव्हती. ट्रंकेतली जुनी गोधडी ट्रेंवर पडली. तहान लागेल म्हणून वरून पाणीही.

तिसऱ्या दिवशी गोधडी उचलली, तर तिच्यावर हिरवे ठिपके आणि पहिल्या ट्रेमध्ये काळे. नारायणरावांनी चमच्याने काळं वेचून काढलं. मग त्याच चमच्याने बाकीचे चार ट्रे तपासले. दोन दिवसांत पाचही काळे.

हर्षल आला आणि दारातच थांबला.

"काका, हे काळं काऊन झालं?"

"थंडी वाजून राह्यली होती त्यायले," नारायणराव पुटपुटले. "मले वाटलं..."

हर्षलने एकेक ट्रे उचलून पाहिला. मग खाली बसला.

"प्रयोग संपतच आला होता. पुढच्या आठवड्यात खोली सोडणार होतो, काका. तुमाले सांगाचंच होतं. आता कॉलेजातून बुरशीचं नवं विरजण आणा लागते. पुन्हा पयल्यापासून. अजून चार महिने खोली लागन."

नारायणरावांनी मान खाली घातली. चेहरा पडलेला ठेवणं त्यांना फार जड जात होतं.

"लय वाईट झालं," ते म्हणाले आणि दोन कप चहाचं आधण ठेवायला उठले.