कोठार भरलं, त्याची गोष्ट

टेबलावर सूप निवत होतं आणि एवारिस्तो आतल्या खोलीत गुडघ्यांवर बसून मुंग्यांचे फोटो काढत होता.

"अरे, सूप!" त्याची बायको विसि स्वयंपाकघरातून ओरडली.

"आलो, आलो! आधी तू ये इकडे. कोठार काय भरलंय बघ!"

"माझी फडताळं रिकामी पडलीत, त्यांचे काढ फोटो."

मुलगी शिकायला वालेन्सियाला गेल्यापासून ती खोली मुंग्यांची झाली होती. पाच वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या पावसानंतर सारागोसाच्या फुटपाथवर त्याला एक राणी मुंगी सापडली. काचेच्या नळीतून तिला घरी आणून त्याने तिचा संसार थाटून दिला. आता प्लास्टरच्या वारुळात दोन हजार मुंग्या होत्या. वर काच, शेजारी जोडलेली एक पेटी. पेटीत एवारिस्तो चिमूटभर गवताचं बी टाकी आणि मुंग्या ते उचलून आतल्या कोठारात नेऊन रचत. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावणारा हा माणूस संध्याकाळी घरी येऊन त्या काचेला डोळा लावून बसे.

गेल्या तीन आठवड्यांत कोठार असं काही भरलं होतं की एवारिस्तोच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हौशी मुंगीपाळांच्या गटात त्याने फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'मी दाणे कमीच देतो. त्यामुळे मुंग्या काटकसर शिकतात.' शंभरावर लोकांनी वाहवा केली. फक्त कोर्दोबाच्या एका गृहस्थाने विचारलं, 'ते पिवळे चकचकीत दाणे कॅनरी पक्ष्याच्या खाण्यातले ना? आणि काळे लांबट आहेत ते कारळे? तुम्ही पक्ष्याचं खाणं देता का?'

एवारिस्तोने भिंग लावून पाहिलं. कारळेच होते. घरात कारळे कधी आले नव्हते. पक्षी तर नव्हताच.

पक्षी होता खालच्या मजल्यावर, कासिल्दाबाईंकडे.

आठवड्यापूर्वीच एक्याऐंशी वर्षांच्या कासिल्दाबाईंनी त्याला जिन्यात थांबवलं होतं. "एवारिस्तो, काल दाण्यांचा डबा भरला होता रे, आज बघते तर अर्धा! मीच सांडते, की पक्ष्याला दोनदोनदा घालते, देव जाणे. माझं डोकं चाललं बघ आता."

त्यावर हा काय म्हणाला होता? "वय झालं की व्हायचंच, कासिल्दाबाई." एवढ्यावर थांबला असता तरी ठीक होतं. त्या वर्षी इमारतीचं अध्यक्षपद त्याच्याकडे होतं, तेव्हा जबाबदार माणसाने करावं तसं त्याने त्यांच्या मुलीला, बेगोन्याला, फोन करून गंभीर आवाजात सांगितलं होतं, "आईकडे लक्ष ठेवा. विसरायला लागल्यात."

त्याने पेटी पुढे ओढली. मागच्या भोकाचं बूच जागेवर नव्हतं. महिन्याच्या सुरुवातीला पेटी धुताना त्याने ते काढलं होतं आणि ते खिडकीत तसंच पडलं होतं. भोकातून निघालेली बारीक काळी रेघ भिंतीच्या कडेने जाऊन हीटरच्या पाइपाशेजारच्या फटीत उतरत होती. येणाऱ्या प्रत्येक मुंगीच्या तोंडात एक दाणा होता.

त्याने बूच लावलं, फट बुजवली, आणि तो पलंगाच्या काठावर बसून राहिला.

"जा आणि सांगून टाक," सगळं ऐकल्यावर विसि म्हणाली.

"काय सांगू? डोकं तुमचं नाही, माझं गेलंय म्हणून?"

"हो. तेच."

"अगं, मागच्याच सभेत मी पहिल्या मजल्यावरच्यांना त्यांच्या कुत्र्यावरून सगळ्यांसमोर झापलंय! आपापली जनावरं आपापल्या घरात ठेवा म्हणून जिन्यात पाटी लावलीय. माझ्या सहीची!"

विसिने दाराकडे बोट दाखवलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली की तेवढं पुरतं.

तरी तो गेला नाही. त्याने दुसरी वाट काढली. कासिल्दाबाईंची एक किल्ली अडीअडचणीसाठी त्याच्याकडे असे. दुसऱ्या दिवशी बाई प्रार्थनेला चर्चमध्ये गेल्या तसा तो दुकानातून आणलेली पक्ष्यांच्या दाण्यांची पिशवी घेऊन खाली गेला आणि डबा भरून आला. चोरलेलं परत केलं, आता मन हलकं होईल, असं त्याला वाटलं. भीतीपोटी हात जरा सैल सुटला एवढंच.

संध्याकाळी जिन्यात बेगोन्या भेटली. डोळे लाल.

"आता तर कमालच झाली, एवारिस्तो. आई म्हणते, डबा आपोआप भरतो! सकाळी अर्धा होता, दुपारी काठोकाठ. शिवाय त्यात सूर्यफुलाच्या बिया आहेत, त्या तिने जन्मात आणल्या नाहीत. मी रोज येतेय, पण असं किती दिवस चालणार? गुरुवारी मेंदूच्या डॉक्टरकडे नेते. पुढे मग वृद्धाश्रमाचं बघावं लागेल."

सांगायची हीच वेळ होती. एवारिस्तोने तोंड उघडलं आणि तो म्हणाला, "वाईट वाटलं ऐकून."

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. आरशात बघवेना. गुरुवारी सकाळी त्याच्या मनाने घेतलं की जास्तीचे दाणे आणि त्या मेल्या सूर्यफुलाच्या बिया काढून घेतल्या, तर सगळं पूर्ववत होईल. बाई चर्चला गेल्या, हा खाली गेला. डबा मांडीत घेऊन एकेक बी वेचत असताना मागे दार उघडलं.

"एवारिस्तो?"

दारात बेगोन्या, तिच्यामागे कासिल्दाबाई. डॉक्टरकडे जायचं म्हणून त्या लवकर परतल्या होत्या. एवारिस्तोची मूठ दाण्यांनी भरली होती आणि शर्टाच्या खिशातून कारळे सांडत होते.

"तुम्ही... पक्ष्याचे दाणे चोरता?"

"मी नाही! माझ्या मुंग्या!" तो किंचाळला. मग मात्र बांध फुटला. बूच, पाइप, फट, फोटो, शंभर लोकांची वाहवा, बेगोन्याला केलेला फोन, पहिल्या मजल्यावरचा कुत्रा, सगळं त्याने कबूल केलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "यांचं डोकं ठणठणीत आहे. दोष माझा. इमारतीत सगळ्यांना सांगा, मी पाटीसुद्धा काढतो."

बेगोन्या आधी संतापली, मग मटकन खुर्चीत बसली आणि हसत सुटली. "आई, तुला काहीच झालेलं नाही गं!" तिने डॉक्टरची वेळ रद्द केली, आईच्या गालांचे मुके घेतले आणि पर्स उचलली. "जीव भांड्यात पडला. आता रोजची धावपळ नको. येईन गं महिन्याभरात!"

दार लागलं. एवारिस्तो मान खाली घालून उभा राहिला. क्षमा तरी मिळेल, निदान चार शिव्या तरी मिळतील, म्हणून.

"गाढवा," कासिल्दाबाई म्हणाल्या. "तुला कोणी तोंड उघडायला सांगितलं होतं?"

"अं?"

"मुंग्या मला पहिल्या दिवसापासून दिसत होत्या. माझा जन्म खळ्यावर गेलाय. दाणे कोण नेतं ते मला कळत नाही? आणि वारूळ कुणाचं, ते तू लिफ्टमध्ये अर्धा अर्धा तास सांगत असतोस."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

बाईंनी पिंजऱ्यावरचा कपडा उगाच नीट केला. "जिन्यात तुला आडून सुचवलं, तर तू बेगोन्याला फोन केलास आणि ती रोज सहा वाजता यायला लागली. कॉफी प्यायची, बसायची. चार वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टरला मी पुरून उरले असते रे."

एवारिस्तोला वाटलं होतं, आपली लाज संपली. ती आता कुठे सुरू होत होती.

तो जिन्यातल्या खिडकीशी आला. खाली रस्त्यावर बेगोन्या गाडीचं दार उघडत होती. त्याने खिडकीतून वाकून हाक मारली.

"बेगोन्या! एक राहिलंच सांगायचं. मुंग्यांची दुसरी रांग सुटलीय. पांगल्यात पार. कासिल्दाबाईंना बारीक दिसत नाही, चष्म्यावाल्याचं ऐका. रोज कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. संध्याकाळीच निघतात त्या. साधारण सहाच्या सुमाराला."